जोकबेदची चोवीस अंडी

चाळीस माणसांसमोर मी चोवीस ताज्या अंड्यांना सडकी म्हटलं आणि खाडीत फेकून दिली. अंडी माझी नव्हती. मैत्रिणीनं मायेनं आणलेली होती. या गोष्टीला आता सात वर्षं होतील, तरी आमच्या आगरावरची माणसं अजून अंडं बघितलं की आधी माझ्याकडे बघतात. बघू देत. दुसऱ्यानं तिखटमीठ लावून सांगण्यापेक्षा मीच सांगते. मीठ तरी घरचं असेल.

मी रंभा. पनवेलच्या खाडीला आमचं मिठागर आहे, आम्ही त्याला नुसतं आगर म्हणतो. नवरा गेला तेव्हा माझा बळीराम दहा वर्षांचा होता. तेव्हापासून आगर मी चालवलं. शाळा दोन इयत्ता. दुसरीची परीक्षा होती त्याच दिवशी बानं मला मीठ ओढायला नेलं, म्हणजे खरं तर दीडच इयत्ता. पण हे मी कुणाला सांगत नसे. मी दोन सांगायची, आणि अशा तोऱ्यात सांगायची की ऐकणाऱ्याला वाटावं, तिसरी इयत्ताच माझ्या लायकीची निघाली नाही.

मिठातलं मात्र मला सगळं कळतं असा माझा समज होता. भरतीला खाडीचं पाणी मोठ्या तळ्यात घ्यायचं, उन्हानं जरा आटलं की दुसऱ्या तळ्यात सोडायचं, तिथून वाफ्यात. वाफ्यातलं पाणी पिकलं की तळाला मीठ धरतं. पिकलं की नाही हे मी बोट बुडवून जिभेला लावून सांगायची. मीठखात्याचा साहेब यायचा त्याच्याकडे काचेची एक नळी असे, खाली फुगीर, वर बारीक, बारीक भागावर आकडे. ती तो पाण्यात सोडी. कच्च्या पाण्यात नळी गळ्यापर्यंत बुडे, पिकलेल्या पाण्यात पार कमरेपर्यंत वर येई. साहेब डोळे बारीक करून आकडा वाची. तोवर मी म्हणायची, "सायेब, तुमची बाहुली आंगोल करून येईस्तवर माझी जीभ सांगून मोकली झाली." साहेब बिचारा हसून वहीत लिहून घेई. वीस वर्षं ती बाहुली माझ्या डोळ्यांसमोर वरखाली होत होती, आणि मी तिची चेष्टा करण्यात दंग होते.

आगराचा एक नेम सासूबाईंनी घालून दिला होता. वाफ्यात मीठ धरायला लागलं की शेवटची रास झाकून होईपर्यंत बांधावर गोडं पाणी आणायचं नाही. गोडं पाणी दिसलं की मीठ रुसतं. तहान लागली तर माणसांनी बांध उतरून पलीकडे चिंचेखाली ठेवलेल्या रांजणाकडे जायचं, प्यायचं आणि परत यायचं. भर उन्हात ती चांगली तीनशे पावलं होती. मी मोजली नव्हती, कारण मी बांधावर छत्री घेऊन बसायची. एकदा गोदू नावाच्या बाईनं पदराखाली तांब्या लपवून आणला. तिला मी त्याच पावली घरी पाठवलं होतं, आणि जाताना जे बोलले ते इथं लिहीत नाही.

आता जोकबेद. विश्राळे तळ्याच्या अंगाला तिचं घर. ती बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातली यहुदी. शनिवारी त्यांच्या घरात चूल पेटत नाही, त्यांची मशीद वेगळी, देव वेगळा, पण मराठी अशी की माझ्यासारखीनं ऐकत बसावं. तिचा नवरा आरोन दवाखान्यात कंपाउंडर. आमची ओळख मासळीबाजारात झाली. एकाच सुरमईवर दोघींनी हात ठेवला आणि दोघीही सोडीनात. कोळीण कंटाळली, तिनं सुरमई मधोमध कापली आणि म्हणाली, "डोकं कोन नेते त्यावर भांडू नका आता." त्यावरही भांडलो. तिथून तीस वर्षं.

जोकबेदच्या परसात नऊ कोंबड्या. तिच्या घरचा रिवाज असा की अंडं सरळ कालवणात फोडायचं नाही. एकेक अंडं आधी काचेच्या पेल्यात फोडायचं, उजेडाला धरायचं, आत रक्ताचा एवढासा ठिपका दिसला तरी टाकून द्यायचं. त्यामुळे अंड्याकडे तिचं बघणं सोनाराचं होतं. कुठलं अंडं कुठल्या कोंबडीचं आणि कुठल्या वाराचं हे ती हातात घेऊन सांगायची. अशा बाईच्या अंड्यांना मी सडकी म्हटलं.

त्या साली तिचा मुलगा जोशुआ इस्राएलात होता. त्यानं आईबापांना बोलावून घेतलं. चैत्रात मुंबईहून बोटीनं निघायचं ठरलं. तिनं मला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "जा की. तिकडं मीठ कसं मिळतं ते बघून कळव." एवढंच. आतून मात्र मी पेटले होते. तीस वर्षांची मैत्रीण उठून चालली, आणि या गोष्टीचा राग करावा असं एकही माणूस मला सापडत नव्हतं. जोशुआवर करावा तर तो लांब. आरोनवर करावा तर तो इतका गरीब, की रागवायचं कळल्यावर पाट मांडून द्यायचा.

माघ महिन्यात आमच्या आगरात पहिलं मीठ धरलं. पहिलं मीठ ओढायच्या दिवशी आगराच्या चारी कोपऱ्यांना राखणदाराच्या नावानं एकेक अंडं ठेवायचं, उरलेल्याचा रस्सा करून माणसांना तांदळाच्या भाकरीबरोबर वाढायचा, ही आमची रीत. अंडी दरवर्षी जोकबेदची. त्या वर्षी ती टोपली घेऊन स्वतः आली.

"रंभे, या खेपेची अंडी माझ्याकडून. पदराची गाठ सोडू नकोस. पुढच्या वर्षी मी कुठे असणार?"

चोवीस अंडी, भुश्यात नीट मांडलेली. मी "बरं" म्हटलं. जिवाला लागलं तर दुसरा माणूस दोन शब्द जास्त बोलतो. माझ्या जिवाला लागलं की नाक वर जातं.

माणसं जमली होती. मुकादम काशीराम, ओढणारे गडी, रास वाहणाऱ्या बाया, माझी सून हौसा, बळीराम, आणि चौथीतली माझी नात मालू, त्या दिवशी शाळा बुडवून आलेली. एवढे डोळे बघून मला कसब दाखवायची खुमखुमी आली. कोपऱ्यात ठेवायचं अंडं नासकं असलं तर मीठ नासतं, असं म्हणत मी घमेलं मागवलं. अंड्याची परीक्षा माझ्या आईनं मला शिकवली होती. पाण्यात सोडायचं; तळाला बसलं तर ताजं, वर आलं तर गेलेलं. घरी विहिरीच्या पाण्यात ही परीक्षा मी जन्मभर केली आणि कधी फसले नाही.

घमेलं मी समोरच्या वाफ्यातून भरलं. दुसरं पाणी तिथं होतंच कुठं? गोड्या पाण्याला बांधावर बंदी, आणि ती बंदी राखणारी मीच.

पहिलं अंडं सोडलं. ते वर आलं. नुसतं आलं नाही, पाटावर बसलेल्या जावयासारखं ऐसपैस बसलं.

"हे गेलं," मी म्हटलं आणि बाजूला ठेवलं. दुसरं सोडलं, तेही वर. तिसरं, चौथं. दहाव्या अंड्यापर्यंत माझा आवाज बांधाच्या त्या टोकाला ऐकू जाऊ लागला होता.

काशीराम डोकं खाजवत म्हणाला, "रंभाआय, सगलीच कशी जातील?"

"मलाच इचारतोस? जिनं आनली तिला इचार."

जोकबेद पुढे आली. "रंभे, एक फोडून बघ."

"पयल्या मिठाच्या दिवशी बांधावर सडकं अंडं फोडू?"

"सडकं नाही ते. परवाचं आहे. तांबडीचं आहे. घातलं तेव्हा ती ओरडली ते मी ऐकलंय."

इथं मी थांबायला हवं होतं. तांबडीचा आवाज ऐकणारी बाई खोटं बोलत नाही, हे मला तीस वर्षं माहीत होतं. पण अंड्यानं सांगितलेलं आणि मैत्रिणीनं सांगितलेलं यात मी अंड्याची बाजू घेतली.

"देश सोडून चाललीस," मी म्हटलं, "म्हणून घरातलं सडकं आमच्या पदरात टाकून चाललीस व्हय?"

मी बाजूला काढलेली अंडी परत टोपलीत घातली, टोपली उचलली, बांधाच्या कडेला गेले आणि चोवीसच्या चोवीस खाडीत सोडली. डुबुक डुबुक करत गेली.

मालू माझ्या मागून आली होती. पाण्यात वाकून बघत म्हणाली, "आजे, बुडाली सगली."

"बुडायचीच. पाप हाय ते."

बघा, पुरावा माझ्या पायाशी बुडत होता आणि मी त्याला कीर्तन ऐकवत होते.

जोकबेदनं रिकामी टोपली हातातून घेतली, भुसा झटकला. "चाळीस माणसांसमोर बोललीस रंभे," ती म्हणाली. "मी लक्षात ठेवीन." आणि बांध उतरून गेली. कोपऱ्यांना आम्ही नारळ ठेवले. माणसांनी सुकटाच्या कालवणावर पहिलं मीठ साजरं केलं आणि माझ्याकडे न बघता जेवली.

त्यानंतर महिनाभर मी फार ताठ चालत होते. बाजारात विश्राळे तळ्याकडे वळणारी वाट आली की माझी मान आपोआप दुसरीकडे फिरे. हौसा एकदा म्हणाली, "आये, मान लचकली काय? तेल लावू?" मी तिला भांडी घासायला पाठवलं. भांडी घासलेलीच होती.

मालूच्या शाळेत त्या वर्षी शांतीबाई म्हणून नव्या मास्तरीण आल्या होत्या. त्या पोरींना शास्त्र शिकवीत. मालू घरी येऊन ते सगळं माझ्यावर करून बघे. भाताच्या झाकणीला थेंब कुठून येतात? भाकरी फुगते ती कशानं? वाळत घातलेल्या लुगड्यातलं पाणी कुठं जातं?

"तुज्या बाईला म्हनावं," मी सांगितलं, "पानी कुठं जातं ते बघतच आमची हयात गेली. पानी जातं, मीठ ऱ्हातं. यावर आमचं घर उभं हाय. पगार मलाच द्या म्हनावं."

मालूनं हे शाळेत जसंच्या तसं सांगितलं. शांतीबाई म्हणे हसल्या आणि म्हणाल्या, तुझ्या आजीला खरंच पुष्कळ माहीत आहे. दोन दिवस मी हौसाला धारेवर धरलं नाही, इतकी खुश होते.

फाल्गुनात एका दुपारी मालू शाळेतून पळतच आली. पाटी ओट्यावर फेकली. "आजे, बाईंनी आज अंडं आनलं होतं. पेल्यात पानी घेतलं, अंडं बुडालं. मग त्यात मीठ घातलं, ढवललं, तर अंडं वर आलं! तेच अंडं! खारं पानी जड असतं, ते अंड्याला उचलून धरतं."

मी तांदूळ निवडत होते. निवडतच राहिले.

"आजे, जोकबेदआजीची अंडी तू वाफ्याच्या पान्यात सोडलीस ना?"

"तांदूल निवडू दे मला."

"पन मग ती खाडीत बुडाली कशी? वाफ्यात तरंगली नि खाडीत बुडाली. खाडीचं पानी वाफ्याएवढं खारं नसतं, म्हनून. हो ना? म्हंजे ताजी होती."

"मालू, खेलायला जा."

ती गेली. सूपभर तांदूळ मी दोनदा निवडले. खडे सापडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हौसा नदीवर गेली तेव्हा मी दार लोटून घेतलं. शेजारून एक अंडं आणलं होतं, पाहुणा येणार म्हणून सांगून. पातेल्यात विहिरीचं पाणी घेतलं, अंडं सोडलं. बसलं तळाला. एक मूठ मीठ घातलं, रवीनं ढवळलं. बसलेलंच. मला इतकं बरं वाटलं! शांतीबाई खोटी, मालू पोरगी, मी खरी. दुसरी मूठ घातली. तिसरी. अंडं जागचं हलेना. चौथ्या मुठीला त्याचं एक टोक उचललं गेलं, दुपारी झोपलेला माणूस एका अंगानं उठतो तसं. पाचव्या मुठीला ते सावकाश वर आलं आणि माझ्याकडे टक्कल करून थांबलं.

मी बोटानं खाली दाबलं. सोडलं की वर. पुन्हा दाबलं. पुन्हा वर. किती वेळ हे चाललं होतं कोण जाणे. तेवढ्यात मागून हौसाचा आवाज आला.

"आये, अंड्याचं लोणचं घालता काय?"

"पाव्हना येणार हाय," मी म्हटलं.

"पाव्हन्याला खारं अंडं देनार?"

मला साहेबाची काचेची बाहुली आठवत होती. पिकलेल्या पाण्यात ती कमरेपर्यंत वर यायची. वीस वर्षं साहेब माझ्यासमोर दुसरं काय करत होता? अंडंच तरंगवत होता, फक्त काचेचं. आणि मी त्याला आंघोळ म्हणत होते. मिठात जन्म गेला, त्या मिठानं माझ्या हातून सोन्यासारखी बाई दुखावली, आणि ते मला समजावून सांगायला चौथीची पोर लागली.

जोकबेदला निघायला चार दिवस उरले होते. बोट चुकवून कुणी माझी वाट बघणार नव्हतं.

चूक कबूल करायची माझ्या अंगाला सवय नव्हती. म्हणून मी आधी ते काम दुसऱ्याच्या अंगावर घालून पाहिलं. बळीरामला पांढऱ्याशुभ्र मिठाची गोणी घेऊन तिच्या घरी पाठवलं. तो गोणी परत घेऊन आला.

"काय म्हनाली?"

"म्हनाली, मीठ पुरेसं लागलंय."

मग मालूला पाठवलं, सगळं शास्त्र समजावून सांग म्हटलं. मालू परत आली ती चणे खात. जोकबेदनं तिला मांडीवर घेऊन सगळं ऐकलं, चणे दिले आणि निरोप दिला: आजीला सांग, चाळीस माणसं होती.

म्हणजे मलाच जायचं होतं.

गेले. भर दुपारी, बाजारातून, मान सरळ ठेवून. तिच्या ओटीवर ट्रंका बांधून ठेवल्या होत्या. आरोन मला बघून उठला, पाट मांडला आणि आत निघून गेला; शहाणा माणूस. जोकबेद दारात उभी राहिली.

"काय हवंय?"

"अंडं."

"माझी सडकी असतात."

"जोके, पाणी खारं होतं."

"कुठलं पाणी?"

"वाफ्यातलं. पिकलेल्या पाण्यात अंडं तरंगतं. ताजं असलं तरी. ते पाणी जड असतं."

"तुझा जन्म आगरात गेला."

"गेला."

"आणि हे तुला माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"कुणी सांगितलं?"

"मालूनं."

"ती चौथीत आहे."

"चौथीत."

"आणि तू किती शिकलीस गं?"

"दीड," मी म्हटलं.

तीस वर्षं तिला मी दोन सांगितल्या होत्या. तिच्या ओठाचा कोपरा हलला, पण तिनं तो आवरला. "घरात येऊन सांगितलंस ते ऐकलं. पण जे बोलली होतीस ते घरात बोलली नव्हतीस."

"उद्या सकाळी आगरावर ये. अंडी घेऊन ये. तुजीच."

"आणि मी आले आणि तू पुन्हा नाक वर केलंस तर?"

"तर ते कापून सुरमईसारखं अर्धं घेऊन जा."

ती हसली नाही. पण दार लावलंही नाही.

सकाळी मी सगळ्यांना बांधावर उभं केलं. जोकबेद आली, हातात तीच टोपली, आत सहा अंडी. मी मात्र अजून बांधावर नव्हते. मी विहिरीवर गेले होते. गोड्या पाण्याचा हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि चिंचेपासून आगराकडे चालू लागले. साठीच्या आसपासचे माझे गुडघे, त्यांवर तो हंडा. त्या दिवशी मला कळलं की ती वाट तीनशे पावलांची नाही. चारशे दहा पावलं आहेत.

काशीराम धावत आडवा आला. "रंभाआय! गोडं पानी हाय ते!"

"ठाव हाय. बाजूला हो."

"मीठ रुसंल!"

"रुसलं तर मी समजूत काढीन. आजकाल तेच करते हाय."

बांधावर दोन घमेली ठेवली. एकात हंड्यातलं पाणी, एकात वाफ्यातलं. जोकबेदच्या टोपलीतलं एक अंडं उचललं आणि सगळ्यांना दाखवून गोड्या पाण्यात सोडलं. तळाला बसलं. तेच काढून वाफ्याच्या पाण्यात सोडलं. वर आलं, तसंच ऐसपैस. पुन्हा गोड्यात, पुन्हा खाऱ्यात. बाया पुढे सरकल्या. काशीराम गुडघ्यांवर बसला आणि घमेल्यात डोकं घालून बघू लागला. मालू मधे मधे शांतीबाईंसारखा हात करून सांगत होती, पाणी जड, पाणी हलकं.

मग मी अंडं फोडलं. बांधावरच, पेल्यात, आणि उन्हाला धरलं. बलक गोल, टपोरा, ठिपका नाही.

आता बोलायचं होतं. एवढा वेळ घमेली आणि अंडी बोलत होती तोवर सोपं होतं.

"जोकबेदनं आनली होती ती अंडी ताजी होती," मी म्हटलं. "माजं चुकलं."

मागून गोदूचा आवाज आला, तीच तांब्यावाली. "आय, ऐकू नाय आलं!"

तिला ऐकू आलं होतं. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणखी दोनदा.

"माजं चुकलं!" मी ओरडले. खाडीपलीकडून बगळे उडाले. "अंडी ताजी होती, ही बाई खरी होती, आनि मला मिठातलं कलत नव्हतं! आता ऐकू आलं?"

"आलं," गोदू म्हणाली. "मग आय, गोडं पानी तर बांधावर आलंच हाय. थोडं पिऊ?"

मी जोकबेदकडे बघितलं. ती पदर तोंडावर धरून उभी होती, आणि तिचे खांदे हलत होते. मी हंडा गोदूपुढे सरकवला. ती ओंजळीनं प्यायली, थोडं बांधावर सांडलं. मी त्या सांडलेल्या पाण्याकडे बघत राहिले. मालू म्हणाली, "आजे, उनाला काय, गोडं खारं सारकंच. आटंल ते." माणसांचे पेले फिरून होईपर्यंत आटलंही.

त्या दिवसापासून रांजण बांधावर आला. मीठ रुसलं नाही. दरवर्षीइतकंच झालं. म्हणजे इतकी वर्षं ती माणसं उन्हात चारशे पावलं कशासाठी चालली, हे गोदू अधूनमधून विचारते.

उरलेल्या पाच अंड्यांचा रस्सा चाळीस माणसांना पुरणारा नव्हता. हौसानं त्यात बटाटे घातले. जोकबेद माझ्या शेजारी बांधावर बसून जेवली, आमच्यातली वांगी आणि भाकरी, त्यांच्या रिवाजाप्रमाणे घरून आणलेल्या स्वतःच्या ताटलीत. कोंबड्यांचं काय करायचं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, माझ्याकडे ठेव.

"नावं ठेवशील त्यांना."

"ठेवीन. पन आता फोडून बघितल्याशिवाय नाय."

तेव्हा ती हसली, मोठ्यानं, पूर्वीसारखी. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी बंदरापर्यंत गेले नाही, गुडघा दुखत होता. गुडघा खरंच दुखत होता.

दीड वर्षानं तिचं पत्र आलं. मालूनं ओट्यावर बसून वाचून दाखवलं. जोशुआचं घर, हवा, भाजी, पाव, आणि मग हे:

"रंभे, इथे एक समुद्र आहे. आपल्या वाफ्याच्या पाण्यापेक्षा खारट. जोशुआनं मला लुगड्यासकट आत नेलं. मी म्हटलं, बुडाले आता. पण बुडता येईना. पाठीवर आडवी झाले तर पाय वर आले, पाय दाबले तर डोकं वर. पाण्यात कितीही खाली बसायला गेले तरी मी वरच. काठावरची सगळी माणसं बघत होती. मला तुझं घमेलं आठवलं. आता तूच सांग, मी ताजी की सडकी?"

मालू हसून हसून ओट्यावर आडवी झाली. उत्तर तिला लिहू दिलं नाही. मी स्वतः लिहिलं. दीड इयत्तेच्या अक्षरात एक ओळ लिहायला आख्खी दुपार गेली, आणि परसात तांबडी सारखी ओरडत होती ती वेगळीच.

लिहिलं: "फोडून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. ये."